खांद्यावरचा दोर

भात झोडून झालं की खळ्यात जे उरतं, त्याचा वास मला नीट सांगता येत नाही. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, आणि उन्हात बसलेल्या म्हशीच्या पाठीला येतो तसा उबदार. परवा हॉटेलमधल्या कामावरून लवकर सुटले, मळवलीला उतरून जीपमध्ये बसले, आणि भाजे मागे पडल्यावर तो वास आला. सुगी आली. पूर्वी हा वास आला की बरं वाटायचं. या वर्षी चिडचिड झाली. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलंही, काय गं, गाडी लागते का? मी मान हलवून नाही म्हटलं. मला कुणी काही विचारलं की मी बहुतेक वेळा मानच हलवते. एवढी मोठी गोष्ट जीपमध्ये अनोळखी बाईला कुठून सांगायची?

घरी पोचले तर खळ्याच्या कडेला उडवी उभी होती. झोडलेला पेंढा गोल रचत नेऊन वर टोक काढतात, ती उडवी. पप्पांच्या हाताची उडवी गावात ओळखू येते. एका बाजूला झुकत नाही, आणि पाऊस पडला तरी आतला पेंढा कोरडा राहतो. ही तशीच होती, सरळ. मी पायऱ्यांवर बॅग ठेवून तिच्याकडे बघत राहिले आणि मागची सुगी आठवत गेले. खरं तर आठवायचं नव्हतं.

मागच्या सुगीत आमच्या खळ्यात उडवी नव्हतीच.

त्या आधीच्या सगळ्या वर्षांत होती. आणि उडवी होती म्हणून होळीनंतर हिरामावशी यायची. हिरामावशी आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत राहते. वाडीतल्या लोकांकडे भाताची शेतं जवळजवळ नाहीत. कुणी मजुरी करतं, कुणी रानातलं काहीबाही विकतं. मावशीकडे भुरी नावाची म्हैस होती. शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांपाशी मावशी चहा आणि ताक विकायची, दोन्ही भुरीच्या दुधाचं. पुण्या-मुंबईची माणसं चहा पिऊन विचारायची, यात काय घातलंय? मावशी सांगायची, दूध. त्यांना ते खरं वाटायचं नाही.

भुरीचं वर्ष सरळ होतं. पावसात डोंगर हिरवा. दिवाळीनंतर वाळलेलं गवत, ते होळीपर्यंत पुरायचं. होळीपासून पावसापर्यंतचा काळ तेवढा अवघड, तो पेंढ्यावर निघायचा. आणि पेंढा आमच्यासारख्या भातवाल्यांकडे.

मावशी तो कधीही मागायची नाही. हे मी लहानपणापासून पाहत आले. ती खाली यायची तेव्हा तिच्या खांद्यावर काथ्याचा दोर गुंडाळलेला असायचा. पायरीवर बसायची. आई चहा द्यायची. मग वाडीत कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीला मागणी आली, डोंगरावर वणवा कुठल्या बाजूने उतरला, असं बराच वेळ चालायचं. पेंढ्याचा शब्द नाही. दोराकडे कुणी बघायचंही नाही. शेवटी ती उठायची, पदर झटकायची, आणि मग पप्पा जणू आत्ताच आठवल्यासारखे म्हणायचे, "हिराबाई, उडवी पडायला आलीय, दोन भारे काढ बरं तेवढे." उडवी कधीच पडायला आलेली नसायची. मावशी म्हणायची, "बघते भाऊ, जमलं तर." आणि मग दोर सोडायची.

लोणावळ्याच्या शाळेत आम्हाला प्लीज आणि थँक यू म्हणायला शिकवलं. एखाद्या मुलीकडून पेन्सिल घेतली आणि थँक यू म्हटलं नाही तर बाई परत पाठवायच्या. त्या वयात मला वाटायचं, आमच्या घरी कुणाला रीतच नाही. मागणारी मागत नाही, देणारा दिलं म्हणत नाही. आता वाटतं, शाळेत शिकवली ती सोपी रीत होती. इथली अवघड होती, कारण तिच्यात कुणालाच लहान व्हावं लागत नव्हतं. पावसाळ्यात मावशी कधी टाकळा, कधी खेकडे आणून दारात ठेवायची आणि म्हणायची, वाटेत सापडले. तेही खरं नसायचं.

मग पवनानगरच्या रस्त्याला तो कारखाना आला. शेतातला पेंढा, तूस, भुसा यंत्रात दाबून त्याच्या मनगटाएवढ्या कांड्या करतात. पांढरा कोळसा म्हणतात त्याला, रंगाने तपकिरी असला तरी. बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी तो जाळायचा. स्थानिक इंधन, स्वच्छ इंधन, गावात पैसा. देवळापुढच्या मांडवात सभा झाली तेव्हा मीही आईबरोबर मागे बसले होते. कारखान्याचा साहेब चांगला बोलणारा होता, तरुण होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. उत्तरेकडची शेतं, मैलोन् मैल पेटवलेली, काळा धूर, खोकणारी मुलं. मग तो म्हणाला, "पेंढा जाळू नका, आम्हाला द्या. तुमचा कचरा, आमचं इंधन."

मांडवात सगळे माना डोलवत होते. आमच्या गावात पेंढा कुणीही, कधीही जाळलेला नाही. मेच्या उन्हात भाताचं रोप टाकायच्या जागेवर थोडा पालापाचोळा भाजतात तेवढाच. पेंढा जाळणं म्हणजे ताटातला भात ओतून देण्यासारखं. तरी सगळे माना डोलवत होते. घरी येताना मी पप्पांना विचारलं की कुणी सांगितलं का नाही. ते म्हणाले, "पाव्हण्याला चारचौघांत खोटं पाडायचं? त्येनं वडे आणलं व्हतं."

हा विनोद नव्हता, ते मनापासून बोलले होते. मला अजून ते वाक्य आठवलं की हसावं की चिडावं कळत नाही. न झालेल्या रोगावर औषध आलं आणि आम्ही ते पाहुण्याचं मन राखायला घेतलं.

कापणी संपता संपता ट्रॅक्टरमागे गठ्ठे बांधायचं यंत्र लावून माझा चुलतभाऊ संदीपदादा आला. त्याला कारखान्यात तो ट्रॅक्टर चालवायचं काम मिळालं होतं. आधी तो तळेगावला कंत्राटावर जायचा, कधी काम असायचं, कधी नसायचं. आता रोज होतं. काकूच्या बोलण्यात फरक पडला, घरात हसणं वाढलं. हे मी लपवून ठेवणार नाही. आमच्याही घरात पैसा आला. आईचा चष्मा कित्येक दिवस लांबणीवर पडला होता, तो झाला. पहिल्या दिवशी तिने चष्मा लावून तांदूळ निवडले आणि म्हणाली, बाई, इतके खडे असायचे होय यात? आजवर सगळ्यांनी खाल्ले की. ती हसत होती. मी हे सगळं लिहिताना ती समोर बसून सुईत दोरा ओवते आहे, पहिल्याच झटक्यात. तेव्हा कारखाना वाईट असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आणि तरी मला राग येतो. कोणावर ते ठरवता येत नाही, म्हणून जास्त येतो.

कारण झालं ते असं. आमच्याकडे पेंढा विकत घ्यायची पद्धतच नव्हती. लागला तर ज्याच्याकडे उडवी असेल त्याच्याकडून आणायचा, आणि कुणाकडे तरी ती असायचीच. तेव्हा प्रत्येकाने आपला विकताना मनात एकच हिशेब केला, की आपल्याला लागला तर शेजारी आहेच. पप्पांना वाटलं, वरच्या आळीत शेती जास्त आहे, त्यांच्याकडे राहील. वरच्या आळीला वाटलं, आमच्याकडे राहील, पप्पा तर उडवीवाले. कुणी कुणाला विचारलं नाही. पेंढ्याबद्दल कधी कुणी विचारतं का? यंत्र शेताशेतांतून फिरलं, गठ्ठे रस्त्याला लागले, आणि सुगी संपली तेव्हा सगळ्या गावात खळी अशी मोकळी दिसत होती की मुलं त्यात क्रिकेट खेळायला लागली. आम्हाला तेही छानच वाटलं.

त्याच हिवाळ्यात माझ्या हॉटेलने बॉयलर बदलला. मी तिथे आरक्षणाच्या टेबलावर बसते. फोनवर बोलावं लागतं, पण समोर माणूस दिसत नसेल तर मला बोलता येतं. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं की प्रत्येक खोलीत बेसिनपाशी ठेवायला एक कार्ड तयार कर, तुझं इंग्रजी चांगलं आहे, आणि खाली मराठीही टाक. मजकूर असा, की तुमच्या अंघोळीचं पाणी मावळातल्या शेतातल्या टाकाऊ पेंढ्यावर तापतं. मी तो लिहिला. पाहुण्यांना कार्ड आवडतं, काही जण त्याचा फोटो काढतात. एका बाईंनी मला खाली येऊन सांगितलं की अंघोळ करताना इतकं समाधान वाटलं. मी मान हलवली. टाकाऊ या शब्दापाशी मी टाइप करताना थांबले होते, एवढंच आठवतं. पण थांबून काय करणार, तोच शब्द सांगितलेला होता.

होळी झाली. ऊन करकरीत झालं. एका सकाळी मी कामाला निघायच्या गडबडीत होते आणि पायरीवर हिरामावशी बसलेली दिसली. खांद्यावर दोर.

पप्पा ओट्यावर होते. त्यांनी तिला पाहिलं, ये म्हणाले, आणि उठून आत गेले. मग बाहेर आलेच नाहीत. आईने चहा दिला. बोलणं सुरू झालं, वाडीतली पाण्याची टाकी, मावशीच्या सुनेचं बाळंतपण. चहा संपला. आईने पुन्हा चहा टाकला. मावशी कधीच दुसरा चहा घेत नाही, त्या दिवशी घेतला. तिची नजर खळ्याकडे एकदाही गेली नाही. जाणार कशी, ती वाटेनेच बघत आली असणार. मी आत गेले तर पप्पा धान्याच्या कणगीपाशी उभे होते, काही करत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं वरच्या आळीत असंल."

मावशी उठली. पदर झटकला. क्षणभर थांबली, जिथे दरवर्षी ते वाक्य यायचं तिथे. मग म्हणाली, "येते वयनी," आणि गेली. दोर तसाच गुंडाळलेला. मी मागून निघाले तेव्हा ती वरच्या आळीच्या तोंडाशी दिसली, एका पायरीवर बसलेली. तिथेही चहा पीत होती.

त्या दिवशी तिने किती चहा प्यायला असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, आता थोडी कळते. पेंढ्याला भाव नव्हता तोवर तो देता येत होता. भाव लागल्यावर दोन भारे म्हणजे दोन भाऱ्यांचे पैसे झाले, आणि पैसे मागायला मावशी कधीच आली नसती. म्हणजे पप्पांनी एखादी उडवी ठेवली असती तरी सगळं पहिल्यासारखं राहिलं असतं का, मला माहीत नाही. पण निदान ते वाक्य म्हणता आलं असतं.

काही दिवसांनी आईने मला कोंड्याची पिशवी देऊन वाडीत पाठवलं. भुरीला घाल म्हणावं, एवढंच म्हणाली. चढण चढून गेले तर मावशी अंगणात घमेल्यावर वाकून बसली होती. घमेल्यात तपकिरी लगदा होता, पाण्यात भिजून फुगलेला. बाजूला काही कोरड्या कांड्या. वळणावर कारखान्याच्या ट्रॉलीतून पडतात, त्या तिने रस्त्यावरून वेचून आणल्या होत्या.

मला बघून तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाली, "ताई, तू विंग्रजी शिकलीस. ह्यो पेंढाच हाय ना? दाबलेला?"

मी म्हटलं, "पेंढा आहे मावशी, पण लाकडाचा भुसाही घालतात. आणि दाबताना तापवतात."

"आसंना का. भिजला की उलगडतोय बग. पेंढ्याची काडी वळखू येतीय." तिने बोटाने लगद्यातून एक काडी काढून दाखवली. खरंच पेंढ्याची होती. कदाचित आमच्याच शेतातली.

तिने घमेलं भुरीपुढे सरकवलं. भुरी उभी राहिली. तिच्या फासळ्या मला पहिल्यांदाच दिसल्या. तिने नाक खाली नेलं, फुरकन हवा सोडली, आणि तोंड फिरवलं. मावशीने घमेलं त्या बाजूला नेलं. भुरीने पुन्हा तोंड फिरवलं. मग मावशीने चिमूटभर लगदा स्वतःच्या जिभेवर ठेवला, चघळला आणि थुंकला.

"करपलंय," ती म्हणाली. "करपलेलं कोण खाईल."

मी कोंड्याची पिशवी उघडली. भुरीने तो खाल्ला, इतक्या घाईने की पिशवीही ओढली. तो एका वेळेचा होता.

तिथून उतरताना समोर पवनेचं पाणी चकाकत होतं, काठावर पर्यटकांचे तंबू रंगीत टिकल्यांसारखे. कारखान्याच्या आवारात ताडपत्रीखाली पेंढ्याचा डोंगर वरून स्पष्ट दिसत होता. सगळ्या मावळातल्या उडव्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. मावशीच्या अंगणातून तो रोज दिसत असणार. भुरीलाही.

पप्पांनी नंतर संदीपदादाला विचारलं की कारखान्यातून थोडा पेंढा परत मिळेल का, विकत. त्याने साहेबाला विचारलं. साहेब वाईट माणूस नाही, तो म्हणाला की आत आलेला माल बाहेर द्यायची सोयच नाही, तसा रस्ताच ठेवलेला नाही. संदीपदादाने एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या सीटखाली कोंबून थोडा आणला, आणि आणताना इतका घाबरला होता की काकू त्याला ओरडली. नोकरी जाईल म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला यात कुणाचंच चूक सापडत नाही आणि त्यानेच डोकं उठतं. चुकीचं कुणी नाही आणि म्हैस उपाशी.

वैशाखात टेम्पो आला. भुरी देहूरोडच्या बाजूच्या एका गोठ्यात गेली. तिथे चारा विकत घेतात, रोजचा, त्यांना परवडतो. मावशी रडली वगैरे नाही. माझ्या आईला नुसतं म्हणाली, तिथं तिला खायला तरी मिळंल. गडाच्या पायऱ्यांपाशी ती अजून चहा करते, पिशवीच्या दुधाचा. आता कुणी विचारत नाही यात काय घातलंय.

पाऊस संपल्यावर ती कारखान्यात जायला लागली. आलेला पेंढा उन्हात पसरायचा, वाळला की ढीग करायचा, असं काम. मजुरी रोख मिळते आणि नियमित. सुनेला नवीन साडी आली, वाडीत दोन-तीन बायका तिच्याबरोबर जातात. साहेबाच्या पडद्यावरच्या चित्रांत आता कदाचित तिचाही फोटो असेल. एकदा मी जीपची वाट बघत होते, ती डबा घेऊन चालली होती. मी कुठे काम करते ते तिला माहीत आहे. म्हणाली, "मी वाळवते, संदीप वाहतो, आन् तुज्या हाटेलातला पाव्हणा त्याच्यावर न्हातो. समद्यांचं झालं. भुरीचं तेवढं ऱ्हायलं." आणि हसली. मीही हसले. मग जीप आली.

तर या सुगीत पप्पांनी उडवी रचली. कुणालाच काही न बोलता. यंत्र आमच्या शेतात आलं तेव्हा संदीपदादाने विचारलं, काका, ही पण घालू का? पप्पा म्हणाले, राहू दे. कुणासाठी, असं त्याने विचारलं नाही. गावात आणखी दोन-तीन खळ्यांत उडव्या दिसतात. त्याबद्दल पारावर बोलणं होत नाही, पण झालेलं सगळ्यांना कळलं आहे.

काल सोमवार. मला सुट्टी होती, मी घरी होते. सकाळी मावशी खालच्या वाटेने निघाली होती, आईने हाक मारून तिला बोलावलं. ती पायरीवर बसली. कारखान्याची गाडी यायला वेळ होता. चहा झाला. सून बरी आहे, नातू रांगतो. पिशवीच्या दुधावर धड साय येत नाही, कसलं दूध ते, असं ती म्हणाली आणि आई हसली. पप्पा ओट्यावर बसून होते, या वेळी आत गेले नाहीत. मावशी उठली, पदर झटकला.

पप्पा म्हणाले, "हिराबाई, उडवी पडायला आलीय. दोन भारे काढ बरं तेवढे."

मी उंबऱ्यात उभी होते. मावशीने मान वळवून पहिल्यांदाच, सरळ, उडवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खळ्यात गेली. एका बाजूने एक पेंढी जराशी घसरली होती, ती तिने वर खोचली, तळहाताने थोपटून बसवली.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "चांगली उभी हाय. पावसापत्तूर हलत न्हाई ही."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. ती वाटेला लागली. तिच्या खांद्यावर डब्याची पिशवी होती. पप्पा बघत राहिले, मग उठून उडवीभोवती एक फेरी मारून आले, जणू खरंच कुठे पडायला आली आहे का ते तपासत होते.